सुकरू शाहीर आणि हरवलेला जावई

सुकरू शाहिराला मी पंधरा वर्षं ऐकलं, आणि त्या पंधरा वर्षांत त्याने चारचौघांसमोर एकही गाणं शेवटापर्यंत नेलं नाही. गाणं ऐन रंगात आलं की तो थांबायचा. हातातला डफ तापल्यासारखा छातीपासून दूर धरायचा, गर्दीत उतरायचा, चेहरे न्याहाळत फिरायचा आणि कोणातरी एकासमोर उभा राहून त्याच्या हातात डफ द्यायचा. "धर. येतो," एवढंच म्हणायचा आणि निघून जायचा. येत मात्र नसे.

तरीही, किंवा त्यामुळेच, तुमसर-मोहाडीच्या पट्ट्यात त्याच्याएवढा मोठा शाहीर दुसरा नव्हता.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, जिलेबीच्या कढया चढतात आणि दुपारी झाडाखाली खडी गंमत उभी राहते. शाहीर डफावर गातो, मागचे झीलकरी धृपद उचलतात, आणि साडी नेसलेला नाच्या मधेमधे नाचतो व त्याहून जास्त बोलतो. सुकरू निघून गेला की झीलकरी तेच धृपद घोळवत राहायचे आणि नाच्या पदर सावरत लोकांना विचारायचा, "आता मी कोनाच्या तोंडाकडं पाहू गा?"

मी आंधळगावच्या हायस्कुलात मास्तर होतो. अक्षर बरं असल्यामुळे मंडई कमिटीचा सेक्रेटरी दरवर्षी मीच. म्हणजे सुकरूला आणण्याचं श्रेय अध्यक्षांचं आणि तो पळून गेल्याचा दोष माझा.

दिसायला तो शाहिरासारखा नव्हताच. काटकुळा, आखूड धोतर, पितळी बटणांचा कुठल्यातरी चौकीदाराचा खाकी कोट, डोक्याला लाल फडकं. काखेत छत्री. मंडईच्या दिवसांत आभाळात ढगाचा ठिपका नसतो, पण छत्री कायम. एकदा कोणीतरी विचारलं, "शाहीर, छत्री कायले?" तर म्हणाला, "भरवसा नाई." कशाचा भरवसा नाही ते त्याने सांगितलं नाही. 'तुम्ही' हा शब्द त्याच्या बोलण्यात नव्हता. सभापतीही तू, तहसीलदारही तू, आणि बहुधा देवही तू.

पण तो गायला लागला की काट्या-कुट्यातून एकदम तळ्याच्या पाळीवर यावं तसं व्हायचं. माईक त्याने कधी घेतला नाही. "मी गावाले गातो, डब्ब्याले नाई." गावाला ते पुरत असे. शेवटच्या रांगेतली, पोर कडेवर घेऊन उभी राहिलेली बाईसुद्धा शब्द न् शब्द ऐकून हसायची.

त्याचं सगळ्यांत गाजलेलं गाणं म्हणजे हरवलेल्या जावयाचं. एक सासू नव्या जावयाला मंडई दाखवायला आणते आणि गर्दीत तो हरवतो. मग ती ज्याला-त्याला विचारत सुटते:

सांगा गा कोनी पाह्यला का,
माहा जावई मंडईत हरवला!

पाटलाला विचारते, हलवायाला विचारते, पाळणेवाल्याला विचारते, आणि प्रत्येकाचं उत्तर सुकरू ज्या त्या माणसाच्या आवाजात द्यायचा. आपल्या गावच्या पाटलाचा आवाज त्याला कसा सापडे कोणास ठाऊक. तो तर आदल्या तासाला गावात आलेला असायचा. शेवटी सासू थकून जिलेबीच्या दुकानापाशी बसते, हलवाई म्हणतो, "बाई, तुया जावई तं..." आणि इथे सुकरू थांबायचा. "धर. येतो."

जावई कुठे गेला हे पंचवीस गावांत कोणालाही माहीत नव्हतं. माणसं त्यावर भांडायची. कोणी म्हणे नाच्यासोबत पळाला, कोणी म्हणे नागपूरला गेला. आमच्या अध्यक्षांचं मत होतं की सुकरूला पुढचं सुचलंच नाही. अध्यक्षांना स्वतःला भाषणात पुढचं सुचत नसे, पण ते थांबत नसत.

सुकरूचे भक्त होते, आणि भक्तांत दोन जाती होत्या: ज्यांना डफ मिळाला ते, आणि ज्यांना मिळाला नाही ते. डफ मिळाला की दुसऱ्या दिवशी तो आंबागडला, किल्ल्याच्या डोंगराखाली सुकरूचं घर होतं तिथे, नेऊन द्यायचा, असा रिवाज पडला होता. नेऊन देणारी माणसं परत येत ती जरा गप्प होऊन येत. "काय झालं?" विचारलं तर "काही नाई, जेवलो," म्हणत.

डफ न मिळालेल्यांचा पुढारी शेषराव. वरठीला कारखान्यात कामाला. दिवाळीनंतर तो पाळ्या बदलून घ्यायचा आणि सायकलवर सुकरूच्या मागे गावोगाव फिरायचा. पहिल्या रांगेत बसून प्रत्येक ओळीला "वाह रे पठ्ठे!" करायचा. सुकरू डफ घेऊन खाली उतरला की शेषराव दोन्ही हात पुढे करायचा आणि सुकरू त्याला ओलांडून पुढे जायचा. एका वर्षी शेषरावाने टेपरेकॉर्डर आणला. सुकरूच्या ते लक्षात आलं. गाणं थांबवून म्हणाला, "वाजव." शेषरावाने भीतभीत वाजवलं. सुकरूने मान तिरपी करून स्वतःचा आवाज पूर्ण ऐकला. "कोन आहे गा हा? बरा गाते. पुढच्या वर्षी यालेच बलावा," असं म्हणून छत्री घेऊन निघाला. त्या वर्षी डफसुद्धा कोणाला मिळाला नाही. लोक शेषरावाशी महिनाभर बोलले नाहीत.

दुसरी गोष्ट पंचायत समितीच्या सभापतींची. त्यांनी मंडईत पाऊण तास भाषण केलं, सुकरूला लोककलेचा मानबिंदू म्हटलं, फ्रेम केलेलं मानपत्र दिलं. ते मानपत्र मीच लिहिलं होतं, त्यामुळे त्यात किती खरं होतं हे मला माहीत आहे. सुकरूने गाणं सुरू केलं, मधेच थांबला आणि डफ थेट सभापतींच्या हातात दिला. "धर. येतो." सभापतींनी दुसऱ्या दिवशी तो जीपमधून चपराशाकडे पाठवला. सुकरूने घेतला नाही. "ज्याच्या हातात देल्ला त्यानंच आनावा." डफ तीनदा गेला आणि तीनदा परत आला. चौथ्यांदा सभापती स्वतः गेले. तिथे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण पुढच्या वर्षीचं त्यांचं भाषण पाच मिनिटांत आटोपलं, यावरून मला वाटलं की तिथे नक्कीच काहीतरी गंभीर घडलं असावं.

मग एका वर्षी डफ माझ्या हातात आला. मी कमिटीच्या टेबलामागे कपाळाला आठ्या घालून बसलो होतो. शेषरावाचे दोन्ही हात ओलांडून सुकरू माझ्यापर्यंत आला. "धर. येतो." शेषरावाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तसं आमच्या भाऊबंदांनीही शेताच्या वाटणीत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या दांड्याला डफ बांधून मी आंबागडला गेलो. लहानसं कौलारू घर, सारवलेलं अंगण. ओसरीवर एक बाई बसली होती, मांडीवर काहीतरी घेऊन तांदूळ निवडत होती. जवळ गेल्यावर दिसलं, ते मानपत्र होतं. काचेची बाजू वर. गुळगुळीत काचेवर खडा चटकन दिसतो, हे मला मानपत्र लिहिताना सुचलं नव्हतं.

"या मास्तर," ती म्हणाली. "उठता येत नाई मले. इथंच बसा."

ही दुरपताबाई, सुकरूची बायको. बऱ्याच वर्षांपूर्वी मंडईहून परतताना बैलबंडी उलटली, तेव्हापासून कमरेखाली जोर नाही. सरकत सरकत घरातलं सगळं करायची. त्याआधी प्रत्येक मंडईत ती बायकांच्या रांगेत पहिली बसायची, आणि नवरा चुकला की बसल्या जागेवरून ओरडायची, असं तिनेच हसत सांगितलं.

सुकरू आत चुलीपाशी भात उतरवत होता. मला पाहून म्हणाला, "आला का? सांग हिले."

"काय सांगू?"

"काल कुठं चुकला तो, थे सांगा," दुरपताबाई म्हणाली. तांदूळ बाजूला ठेवले आणि वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या पोरीसारखी ताठ बसली. "कोन कोन आलं होतं? लोकं कुठं हासले? याच्या सांगन्यावर माहा भरवसा नाई. हा म्हनते, सगळेच हासले."

मी जरा अडखळलो. मग म्हटलं, "दुसऱ्या कडव्यात आवाज फार वर नेला. झीलकऱ्यांना पोचता आलं नाही. आणि हलवायाच्या आवाजाला लोक हसले, पण पाटलाच्या आवाजाला नाही. पाटील समोरच बसले होते."

"पाह्य!" ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. "मी काय म्हनत होती? वर जाऊ नको, वर जाऊ नको. तुले कोनी फासावर चढवून राह्यलं का?"

सुकरू इतका खूश झालेला मी मंडईत कधी पाहिला नव्हता. "बराबर मानूस धरला ना मी?" तो तिला म्हणाला. "सगळे हासत होते अन् हा एकटा आठ्या घालून बसला होता. म्हनलं, हा खोट काढते." मग मला म्हणाला, "तो शेषराव येते पहा, तो नुसता वाहवा करते. हिले वाहवा पचत नाई."

"शेषरावाकडे टेप आहे," मी म्हणालो. "आणून दिला तर अख्खी गंमत ऐकता येईल तुम्हाला."

"डब्बा लोकायच्या तोंडाकडं पाह्यते का, मास्तर?" दुरपताबाई म्हणाली.

सुकरूने खुंटीवरची छत्री काढून उघडली. आतून कागदाचा पुडा निघाला. कालची मंडईतली जिलेबी. छत्रीच्या काळ्या कापडाला पाकाचे जुने-नवे डाग पडलेले होते. "मुंग्या लागतात नाहीतर," तो म्हणाला. मग डफ घेतला आणि ओसरीवर उभा राहून, काल सोडलं तिथपासून, पुढचं गायला लागला. माणसं दोन. दुरपताबाई धृपद उचलत होती.

इकडं सासू फिरे मंडईभर, पायाचा झाला भुगा,
तिकडं जावई चुलीपाशी, बायकोले चारते जिलेबी गा!

म्हणजे जावई हरवला नव्हताच. तो घरी गेला होता.

"मंडईत का नाही म्हणत हे?" मी विचारलं.

"गानं बटईचं आहे," सुकरू म्हणाला. "अर्धं मंडईचं, अर्धं हिचं. धानाची बटई चालते तं गान्याची काहून नाई?"

निघताना दुरपताबाईने मला थांबवलं. "मास्तर, गावात सांगू नका माह्याबद्दल. सभापतीलेही म्हनलं मी. लोकायले कीव आली का मंग थे हासत नाईत. अन् हासले नाईत तं हा गाईन कायले?"

मी परत आलो. शेषराव नाक्यावर वाट पाहत होता. "काय झालं तिथं, मास्तर?"

"काही नाही," मी म्हटलं. "जेवलो."

त्यानंतर पाच-सहा मंडया झाल्या. डफ इकडून तिकडे फिरत राहिला. जावई हरवतच राहिला.

मग सोळावं वर्ष, पंच्याऐंशीच्या सुमाराची आमची मंडई. सुकरू आला. कोट तोच, फडकं तेच. मी सवयीने काखेकडे पाहिलं. छत्री नव्हती.

त्याने जावयाचं गाणं धरलं. पाटील झाला, पाळणेवाला झाला. तिसऱ्या कडव्यात जरा घाई झाली. सासू दुकानापाशी बसली. हलवाई म्हणाला, "बाई, तुया जावई तं..." शेषरावाने हात पुढे केले. नाच्याने पदर सावरून तयारी केली. आणि सुकरू थांबला नाही. गात राहिला. चूल आली, जिलेबी आली, जावई सापडला.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग जो गलका झाला तसा आमच्या गावात नळ आला तेव्हाही झाला नव्हता. माणसं उठून नाचली. शेषराव रडत ओरडत होता, "सापडला! सापडला गा! घरीच होता!" अध्यक्षांनी मला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून मला माजी सभापती दिसले. ते टाळ्या वाजवत नव्हते. आमची नजरानजर झाली आणि त्यांनी मान खाली घातली.

सुकरूने डफ काखेत मारला आणि गर्दीतून वाट काढत एकटाच निघाला. मी त्याला फाट्यावरच्या चिंचेखाली गाठलं. तो एसटीची वाट पाहत उभा होता.

"कधी?" मी विचारलं.

"धानाच्या रोवन्याच्या टायमाले."

मंडईतून अजून आरडाओरडा ऐकू येत होता.

"आज गाणं पूर्ण केलंत," मी म्हणालो.

"मंग काय करू? अर्धा वाटा घरी नेऊन ठेवू कोनापाशी?"

सांत्वनाची वाक्यं मला लिहिता येतात. शाळेच्या शोकसभांचे ठराव मीच लिहायचो. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"शाहीर," मी म्हटलं, "तिसऱ्या कडव्यात घाई केलीत. झीलकरी मागे राहिले."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "पाह्यलं का तू?"

"पाहिलं. आणखी दोन चुका आहेत. पण त्या अशा रस्त्यावर उभ्याने सांगण्यासारख्या नाहीत." मी दोन्ही हात पुढे केले. "डफ द्या."

एसटी आली, थांबली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. सुकरूने काखेतला डफ काढला, फडक्याने त्याचं कातडं पुसलं आणि माझ्या हातात ठेवला.

"धर," तो म्हणाला. एका पायरीवर चढला, दांडा धरून वळला.

"येजो मात्र."