मयेकर सरांची आठवड्याची चूक

विमानविद्या, पत्रकारिता आणि भूगोल या तिन्ही क्षेत्रांत एकाच वेळी भक्कम उभा असलेला माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो म्हणजे अच्युत मयेकर सर. हे मत खुद्द मयेकर सरांचं आहे. माणसाला पाय दोनच असल्यामुळे तीन क्षेत्रांत उभं राहणाऱ्याचं काहीतरी कायम अधांतरी राहतं, हे त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं नाही.

तरुणपणी सरांनी विमान चालवायचा परवाना काढला आणि नकाशांसाठी फोटो घेणाऱ्या एका छोट्या विमानात सहवैमानिक म्हणून काही महिने काढले. मग डावा कान बिघडला. विमान सुटलं. सर रत्नागिरीत येऊन शाळेत भूगोल शिकवू लागले आणि निवृत्तीनंतर मुक्त पत्रकार झाले. मुक्त म्हणजे कुठल्याही वर्तमानपत्राने त्यांना धरून ठेवलं नाही.

डावी-उजवी बाजू सरांना मान्य नाही. एकदा मारुती मंदिरापाशी आम्ही दोघं रिक्षात बसलो. सर म्हणाले, "पश्चिम घ्या, किंचित दक्षिणेकडे झुकून."

रिक्षावाला म्हणाला, "अवो सर, डावीकडं वळू की उजवीकडं, तेवढा सांगा."

"डावं-उजवं तुमचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं. पश्चिम कुठे जात नाही."

रिक्षावाल्याने सरळ पश्चिम धरली. मांडवीला समुद्र लागला तेव्हा रिक्षा थांबली. आम्हाला जायचं होतं ते लग्न दीड किलोमीटर मागे राहिलं होतं. सर उतरून म्हणाले, "दिशा बरोबर होती."

संध्याकाळी ते घरच्या हॉलमध्ये दहावीच्या मुलांची भूगोलाची शिकवणी घेतात. मिरजोळ्याच्या धावपट्टीकडून आवाज आला की सर हात वर करतात, वर्ग थांबतो. मग चांगला कान खिडकीकडे करून निकाल देतात, "दोन इंजिनं. उतरतंय."

"सर, ते वर चाललंय," एखादी मुलगी म्हणते.

"मग वैमानिकाने विचार बदलला."

आमच्या साप्ताहिकात त्यांचं 'खाली पाहताना' हे सदर आहे. त्यात ते जिल्ह्याकडे पाच हजार फुटांवरून पाहतात. आंब्याचा मोहर, रस्त्यांवरचे खड्डे, इतकंच काय, एका खाणावळीचं उद्घाटनही त्यांनी याच उंचीवरून लिहिलं होतं.

मी तिथे उपसंपादक म्हणून लागलो आणि पहिल्याच आठवड्यात मला त्यांच्या लेखात चूक सापडली. पोफळीच्या वीजघरातलं पाणी त्यांनी शास्त्री नदीत सोडलं होतं. मी ते गुपचूप वाशिष्ठीत वळवलं. पुढच्या आठवड्यात काजळी नदी जयगडच्या खाडीला मिळाली होती, ती काढून तिथे शास्त्री घातली. असे पाच आठवडे गेले. इतका मोठा माणूस, आणि आपण त्याची अब्रू वाचवतोय, या भावनेने मी जरा ताठच चालत होतो.

सहाव्या आठवड्यात सर कार्यालयात आले आणि माझ्यासमोर बसले.

"पोफळीचं पाणी वाशिष्ठीत तुम्ही सोडलंत?"

"ते तिथेच जातं, सर."

"कुठे जातं ते मला माहीत आहे. जन्मभर मुलांना तेच शिकवलं. मी शास्त्रीत सोडलं होतं."

"पण ती चूक होती."

"माझी होती. तुम्ही कशाला हात लावलात?"

त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत पोस्टकार्डं होती, एकाच अक्षरातली. लिहिणारे द. गो. कदम, मुक्काम खेड, एसटीच्या आगारातून निवृत्त. वरचंच कार्ड मी वाचलं. 'वैमानिकाला खालचे सगळे दिसते, फक्त नीट दिसत नाही, हे आपण याही आठवड्यात सिद्ध केलेत.'

"पहिली चूक खरीच होती," सर आवाज खाली आणून म्हणाले. "त्यावर याचं पहिलं पत्र आलं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. पुढच्या लेखात चूक नव्हती, तर पत्रही नाही. म्हणून त्याच्या पुढच्या लेखात एक ठेवली."

"मुद्दाम?"

"सौजन्य म्हणून."

हे सौजन्य अकरा वर्षं चाललं होतं. दोघं कधी भेटलेले नव्हते. विजेचं बिल सोडलं तर सरांच्या नावाने नेमाने येणारं टपाल एवढंच, आणि तेही आमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर.

"पाच आठवडे पत्र नाही," सर म्हणाले. "मला वाटलं, माणूस आजारी आहे. काल मागचे अंक काढून छापलेले लेख वाचले तेव्हा कळलं, तुम्ही आहात. पण नुसते तुम्हीच आहात की तोही आजारी आहे, ते कसं कळणार? ऐंशीच्या पुढचा आहे तो."

"फोन करा ना."

"काय म्हणून? आमची ओळख नाही."

"मग खेडला जाऊन या. सकाळी निघालात तर दुपारी परत."

"गेलो, आणि नसला तर?"

नसला म्हणजे घरात नसला, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. मी टेबलावरची पेन्सिल सरळ केली.

सरांनी नवा लेख पुढे ठेवला. दुसऱ्याच ओळीत जगबुडी नदी राजापूर शहरातून वाहत होती.

"सर, जगबुडी खेडची. शेंबडं पोर सांगेल."

"त्याच्या घरामागून जाते. श्वास चालू असेल तर तो गप्प बसणार नाही."

मी लेख जसाच्या तसा सोडला. राजापुरातून एकही तक्रार आली नाही, त्यावरून तिथे आमचे किती अंक जातात ते कळलं. सर मात्र रोज टपालाच्या वेळेला कार्यालयात येऊन बसू लागले. लेखाचा संदर्भ तपासायला आलोय, म्हणायचे. तपासत काहीच नव्हते.

आठव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. सर म्हणाले, "चष्मा घरी राहिला. तुम्ही वाचा." चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी वाचलं. 'आमची जगबुडी राजापुरास नेल्याबद्दल तीव्र निषेध. मधले पाच लेख निर्दोष निघाले, तेव्हा आपली प्रकृती ठीक नसावी अशी शंका आली होती. विचारावे तर ओळख नाही. आता आपण पूर्ववत झालात, हे पाहून बरे वाटले. जपावे.'

सरांनी कार्ड मागून घेतलं, उलटं-सुलटं करून पाहिलं आणि खिशात ठेवलं.

"उद्धट माणूस आहे," ते म्हणाले, आणि आमच्याकडचा चहा पहिल्यांदाच पूर्ण प्यायले.

जगबुडी राजापुरातून वाहत नाही. तसा खुलासा आम्ही अजून छापलेला नाही.