सिक लाइनचे सोनकांबळे काका

फोन नवा असो की जुना, आमच्या सोनकांबळे काकांच्या हाती दिला की ते तो कानाशी नेतात आणि बोटभर हातोडीने त्याच्या काचेवर टकटक करतात. खरीखुरी हातोडी, सोनाराकडून मागून आणलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो, पण काका डोळे मिटून ऐकत असतात, त्यामुळे त्यांना ते दिसत नाही.

काका रेल्वेत होते. पूर्णा जंक्शनवर गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेने चालायचं आणि एकेक चाक ठोकून बघायचं, यात त्यांची सगळी नोकरी सरली. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बिघडलेल्या डब्यावर खडूने खूण करून तो दुरुस्तीसाठी बाजूच्या रुळावर काढायचा. त्या रुळाला रेल्वेवाले सिक लाइन म्हणतात. काका निवृत्त झाले, चाकं सुटली, पण कान काही सुटला नाही. आता गल्लीतले फोन त्यांच्या तावडीत सापडतात.

स्क्रीनवर चरे पडलेत असं कुणी नुसतं पुटपुटलं तरी काका ओट्यावरून उठतात. "आधी ठोकून बघू," हे त्यांचं पालुपद. मग निकाल. निकाल दोनच, फिट किंवा सिक. फोन सिक निघाला की त्याच्या कव्हरवर खडूने फुली मारतात आणि दातांची पांढरी पेस्ट व जुना सुती बनियन घेऊन बसतात. उजवीकडून तीस वेळा घासायचं, डावीकडून तीस वेळा, मध्ये कुणी बोलायचं नाही.

माझाही फोन या सिक लाइनीत जाऊन आला आहे. मी इथल्या शाळेत शिकवते, शेजारीच राहते, त्यामुळे सुटका नव्हती. केसाएवढा एक चरा होता. काकांनी आधी माझी पर्स तपासली, मग माझी हजेरी घेतली.

"पर्समधी किल्ल्या आन् फोन एकाच कप्प्यात ठेवायलाव का बाई तुमी? मंग चरे न्हाई पडणार तर काय फुलं पडणार?"

तासाभराने फोन परत मिळाला. चरा होता तिथेच होता, फक्त त्याच्याभोवती रुपयाएवढा धुरकट गोल उमटला होता. काका खुशीत म्हणाले, "आता चरा कळून येतो का बघा." खरंच येत नव्हता. त्या गोलातून काहीच कळून येत नव्हतं. तेव्हापासून मी मनात एक बारीकशी अढी धरून होते, हे कबूल करते.

म्हणून त्या दिवशी काकूंचा फोन हाती आला तेव्हा मला उकळ्याच फुटल्या. साखरेच्या आजाराने काकूंची नजर जवळजवळ गेली आहे. त्यांचा फोन खाटेजवळच्या स्टुलावर असतो. मी सहज उचलला, तर त्यावरच्या स्वस्तातल्या प्लास्टिक गार्डवर दोन जाडजूड चरे! तळापासून निघून मध्यापर्यंत गेलेले, अगदी शेजारीशेजारी. साऱ्या गल्लीच्या फोनांना फुल्या मारणाऱ्याच्या घरात हा फोन! शिवाय दिसत नसलेल्या बाईला हा मोठा फोन कशाला, साधा बटणांचा का नाही, असंही मनात आलं.

"काकू, फोन जरा पुसून आणते," मी म्हणाले.

"सहाच्या आत आण माय," त्या म्हणाल्या. सहाला मनीषाचा फोन येतो. मनीषा त्यांची एकुलती लेक, हैदराबादला नर्स आहे.

मी दुकानात जाऊन तो गार्ड काढून टाकला आणि चांगली जाड काच बसवून घेतली. सरप्राइज द्यायचं होतं. काकांची जिरवायचीही होती. परत आले तेव्हा काका फिरायला निघाले होते. रोज याच वेळेला ते स्टेशनच्या बाजूला फिरून येतात. मी फोन स्टुलावर ठेवला आणि गंमत बघायला थांबले.

सहाला फोन वाजला. काकूंनी हसत तो मांडीवर घेतला. अंगठा काचेच्या तळाशी गेला, डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, पुन्हा मध्ये आला. फोन वाजून वाजून थांबला. लगेच पुन्हा वाजला. मी म्हणाले, द्या, मी घेते. काकूंनी फोन छातीशी धरला.

"नगं. मीच उचलते."

दुसऱ्यांदाही तो थांबला. काकू काचेवरून हळूहळू अंगठा फिरवत होत्या. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"बाई, माझे रूळ कुठं गेले?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला इतकी शरम वाटली की चपला न घालताच मी काकांना शोधायला पळाले. ते कोपऱ्यावरच्या पारावर बसले होते. वाटेत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते फक्त भराभर चालत होते.

"फोन आला की उचलायचा हिरवा गोल तळाला येतो, तिथून वर सरकवावं लागतं," ते म्हणाले. "दाभणानं दोन रूळ पाडून दिले होते मी. तिचा अंगठा बरोब्बर त्याच्यावरून जातो."

पण तुम्हीच का उचलून देत नाही, मी विचारलं.

"मी घरात असलो की ती लेकीला निस्ती खुशाली सांगती. मी नसलो की बोलती." म्हणजे रोजचं फिरणं त्यासाठी होतं.

घरी येताच त्यांनी सवयीने माझी नवी काच हातोडीने ठोकून पाहिली. "काच फिट हाय बाई. पण हिच्यावर दाभण चालत न्हाई." ती अलगद काढून त्यांनी माझ्या हातात दिली, डब्यातून प्लास्टिकचा गार्ड काढून बसवला आणि पट्टी धरून दोन रेघा ओढल्या. चऱ्यांवर तुटून पडणारा हा माणूस श्वास रोखून चरे पाडत होता.

"लावा तुमच्या फोनवरून. तोंड दिसणारा लावा," काका म्हणाले.

मी समोरच बसून काकूंना व्हिडिओ कॉल लावला. काकूंचा अंगठा तळाला टेकला आणि रुळावरून सरळ वर गेला. माझ्या फोनच्या धुरकट गोलात त्यांचा चेहरा आला.

"दिसते का गं मी?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "मला कुणी दिसत न्हाई, पण लेकीला मी दिसायला पायजे. म्हणून हा फोन."

"दिसता काकू. लय छान दिसता," मी म्हणाले. धुरकट गोलाबद्दल त्या दिवसापासून माझी तक्रार नाही.

काकांनी दाभण डब्यात ठेवलं, चपला अडकवल्या आणि मला बाहेर चलायची खूण केली. आम्ही ओटा उतरलो तोच आत फोन वाजला. काका डोळे मिटून उभे राहिले. दुसऱ्या घंटीला आवाज थांबला आणि काकूंचं बोलणं सुरू झालं.

"फिट," काका म्हणाले आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागले.