करंगळीनं सोडवलेलं कोडं

रज्जाक हजामाचा उजवा हात झोपी जायचा, तोही रज्जाक जागा असताना. मलकापूर स्टेशनाबाहेर त्याचं दुकान. केस कापायचं हातमशीन त्यानं नवंच आणलं होतं, आणि लग्नसराईत ते दिवसभर दाबून बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या. पहाटे तर हात झटकून झटकून जागा करावा लागे.

"नजर लागली," बायको अमीना म्हणाली.

"लकवा हाय," शेजारचा पानवाला किसनराव म्हणाला. "आता तोंड वाकडं होईन, पाह्यजो."

तेव्हापासून रज्जाक गिऱ्हाइकाच्या दाढीपेक्षा आरशात स्वतःचं तोंडच जास्त निरखू लागला.

अशात एक दिवस भगवानराव पाटील खुर्चीत बसले. मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते, म्हणून मिशीला जरा कोर द्यायची होती. रज्जाकनं वस्तरा टेकवला आणि अंगठाच हरवल्यासारखं झालं. वस्तरा सुटला की काय म्हणून त्यानं घाबरून मूठ आवळली. पाहतो तर मिशीची एक बाजू पाटलांच्या मांडीवर.

"काय केलं बे हे?"

"पाटील, म्या नाही केलं. हातानं केलं."

अर्धी मिशी घेऊन घरी जाणं शक्यच नव्हतं. उरलेली पाटलांनी स्वतःच्या हातानं उतरवली आणि फेटा भुवयांपर्यंत ओढून निघाले. वाटेत शेजारच्या तानुबाईनं ते सपाट तोंड पाहिलं आणि हंबरडाच फोडला. माणूस मिशी उतरवतो ती बाप गेल्यावर, आणि पाटलांचे वडील पुंजाजी दूर संग्रामपूरला शेतावर राहत. पाटील "नाही, नाही" म्हणत ओठांवर हात धरू लागले. लोकांना वाटलं, हुंदका आवरून राह्यले. संध्याकाळपर्यंत अंगणात बसायला जागा उरली नाही. पाहुण्यांनी सुतक समजून येणं रद्द केलं. आणि कोणीतरी पुंजाजी गेल्याची बातमी थेट पुंजाजींनाच पोचवली.

दोन दिवसांनी म्हातारा गाडीतून मलकापूरला उतरला. त्याला पाहून किसनरावच्या हातातलं पान गळालं. मग किसनरावनंच धापा टाकत म्हाताऱ्याला सगळी हकीकत सांगितली. पुंजाजी काठी उगारून दुकानात शिरले. रज्जाकनं निमूट उजवा हात पुढे केला.

"मारा बाबा. याच्यावरच मारा. तसंही याले काही समजत नाही."

काठी वरच थांबली. "काऊन समजत नाही?"

रज्जाकनं सांगितलं. पुंजाजी खाली बसले, फेट्यात खोचलेली टाचणी काढली आणि एकेका बोटाला हळूच टोचू लागले.

"समजते?"

"थोडंसं."

"हे?"

"नाही."

करंगळीला टोचलं, तसा रज्जाक खुर्चीवरून उडाला.

"मंग लकवा कायचा बे? त्यानं करंगळी कायले सोडली?"

म्हाताऱ्याला आता राहवेना. रज्जाकला ओढत तो दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी मनगट वाकवून धरायला लावलं. बघता बघता मुंग्या आल्या.

"मनगटात हाडांची एक अरुंद बोळ असते," डॉक्टर म्हणाले. "बोटं हलवणाऱ्या दोऱ्या आणि एक नस तिथूनच जातात. मशीन दाबून दोऱ्या सुजल्या, नस चेपली. करंगळीची नस दुसऱ्या वाटेनं जाते, म्हणून ती शाबूत."

"म्हंजे नजर नाही?" रज्जाकनं विचारलं.

"नाही. झोपेत मनगट मुडपतं, म्हणून पहाटे त्रास जास्त. निजताना फळी बांधून ते सरळ ठेव. मशीनला काही दिवस सुट्टी दे. नंतरही मधूनमधून हात मोकळा सोडत जा."

पुढे हळूहळू मुंग्या ओसरल्या. पाहुण्यांनाही नवा निरोप गेला आणि ते आले.

पण त्या दिवशी दवाखान्यातून पुंजाजी भगवानरावांच्या घरी पोचले, तेव्हा लांबच्या गावांहून माणसं अजून येतच होती. डोळ्यांनी अधू झालेली गोजरबाई सतरंजीवर रडत होती. पुंजाजी गुपचूप तिच्या शेजारी टेकले.

"लय मोठ्या मनाचा माणूस होता," ती म्हणाली.

"हाव?"

"दारातून कोणाले उपाशी जाऊ देल्लं नाही त्यानं."

भगवानराव घाईनं कानाशी वाकले. "बाबा, तिले सांगा नं, तुमी जिवंत आहा म्हणून!"

"थांब बे जरासा," पुंजाजी डोळे पुसत कुजबुजले. "मले आयकू दे."