जवळची वाट सापडतेच!

जवळची वाट आपोआप सापडते, हे सरितानं सिद्ध केलं होतं. अंदाजानं नाही, गणितानं! अहेरीच्या कॉलेजात शिकवून, घरी भाकरी थापून, उरल्यासुरल्या वेळात सात वर्षं तिनं कॉम्प्युटरमधल्या मुंग्या हाकल्या होत्या. खरी मुंगी चालताना वाटेवर वास सोडते. जवळच्या वाटेनं गेलेली लवकर परतते, म्हणून तिथं वास दाट होतो आणि मागच्या मुंग्या तिकडंच वळतात. हीच युक्ती कॉम्प्युटरला दिली, तर जास्तीत जास्त किती फेऱ्यांत सगळ्या मुंग्या जवळच्या वाटेला लागतील, याचा पक्का आकडा तिच्याकडं होता.

आता प्रबंधावर मार्गदर्शक बोरकुटे सरांचा सही-शिक्का तेवढा उरला होता. नागपुरात प्रबंध भरायची मुदत परवा संपत होती. सर आज लेकीकडं सिरोंच्याला जाताना अहेरीत उतरणार होते. एकच्या गाडीनं येऊन तीनच्या गाडीनं पुढं.

"मी जाऊ काय त्याईले आणाले?" नवऱ्यानं, अश्विननं विचारलं.

"काऊन? चार जणांले विचारलं का जवळची वाट सापडतेच. मी तेच तं सिद्ध केलं! तुम्ही कांदे चिरा."

एक वाजला. दीड वाजला. स्टँडपासून घर सात मिनिटांवर, लाकूड डेपोमागच्या गल्लीनं. दोन वाजता सरिताचा चेहरा चिरलेल्या कांद्यासारखा दिसायला लागला. मोबाइल लागेना, गावात टॉवर होता, पण रेंज टॉवरखाली बसायची.

सव्वादोनला दारात सायकलची घंटी वाजली. बाबूभाई सायकलवाले! आणि त्यांच्या मागं, मार्कंड्याच्या जत्रेतून पायी परतावं तसे घामाघूम बोरकुटे सर.

"मॅडम, तुमचे सर म्हणजे आपले सर!" बाबूभाई छाती काढून म्हणाले. "नुसता पत्ता कसा सांगाचा? आधी घरी नेलो, आमच्या शमसुन्निसानं शेवया खिलवल्या. मंग मच्छीबाजार, मोठी विहीर, तहसील, अन् हे बघा, थेट दारात!"

"बाबूभाई, डेपोमागच्या गल्लीनं काऊन नाई आणलं?"

"तिथी नळाचा खड्डा हाय ना!"

"तो सहा वर्षांआधीच बुजवला नं!" आतून अश्विन ओरडला.

बाबूभाई विचारात पडले. "हो का? पण सारे तं मच्छीबाजारातूनच जातेत."

सर खुर्चीत कोसळले, तीन ग्लास पाणी प्याले आणि प्रबंधाचं शेवटचं पान उघडून बसले.

"सरिताताई, तुमच्या मुंग्यांना जवळची वाट सापडते, कारण जुना वास हळूहळू उडतो असं तुम्ही गृहीत धरलंय."

"हो सर. नाही उडाला तर मुंग्या पहिल्या वाटेलाच चिकटून बसतात. जन्मभर."

"गणित बिनचूक आहे," सर तळपाय चोळत म्हणाले. "फक्त अहेरीत वास उडत नाही. आणा, सही करतो... अरे, शिक्का बॅगेत राहिला. बॅग स्टँडवर कंट्रोलरकडं."

घड्याळात पावणेतीन! सात मिनिटांची वाट. वर आठ मिनिटं हातात. सरितानं सहीचं पान छातीशी धरलं आणि सरांना घेऊन निघाली. सर वासाचं सूत्र पुन्हा विचारत होते, ती भराभर समजावत होती, दोघंही अगदी रंगात आले होते... आणि एकदम तिच्या नाकात सुकटीचा वास शिरला.

समोर मच्छीबाजार!

सहा वर्षं रोज मच्छीबाजारातूनच कॉलेजला जाणारे पाय. खड्डा बुजला तेव्हा त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

मग दोघं धावले. स्टँडवर पोचले, तेव्हा कंट्रोलरनं बॅग गाडीत चढवून दिली होती आणि गाडी हलली होती. सर धावत बॅगेमागं चढले. पान सरिताच्या हातात तसंच बिनसहीचं राहिलं.

"उद्या सिरोंच्याला या!" खिडकीतून सर ओरडले. "वाट सापडेल ना?"

दुसऱ्या दिवशी गाडी सहाची होती. सरिता सव्वापाचलाच चपला घालून दारात उभी.

"अवो, गल्लीनं सात मिनिटं तं लागते," अश्विन जांभई देत म्हणाला. "एवढ्या लवकर काऊन?"

"मी मुंग्यांचं सिद्ध केलं," सरिता पिशवी उचलत म्हणाली. "माह्या पायाचं नाई."