पँटला भोक न पाडणारं ॲसिड

"सर, तुमी रोज पिऊन येता का?"

ऐश्वर्यानं विचारलं आणि बाकावरच्या राणीकडून ओंजळभर बोरांची पैज जिंकली. विज्ञानाच्या भीमसिंग सरांचं नाक बारमाही लालबुंद. पण विचारायची छाती कुणाची झाली नव्हती.

सर चिडले नाहीत, हसले. "चहासुद्धा सोडलाय, पोरी. हा रोझेशिया. कातडीचा आजार. डॉक्टरनं ॲसिड दिलंय लावायला." त्यांनी खिशातून चक्क ट्यूब काढली. "ॲझेलेइक ॲसिड. गव्हात, जवातपण असतं. पुटकुळ्यांवरही चालतं. पण आधी डॉक्टरला दाखव."

ॲसिड! तोंडाला! आणि तेही गव्हातलं! ऐश्वर्याचे डोळेच विस्फारले. दहावीच्या फॉर्मचा फोटो शनिवारपर्यंत द्यायचा होता आणि पुटकुळ्यांपायी ती महिनाभर स्टुडिओ चुकवत होती. गुरुवारी मामीसोबत नांदेड गाठून तिनं ट्यूब आणली. "दोन-तीन महिन्यांत फरक पडेल," डॉक्टर म्हणाले. तिनं फक्त "फरक पडेल" एवढंच ऐकलं.

शुक्रवारी संध्याकाळी आरशापुढून ती ओरडली, "आई, ॲसिड चुरचुरून राहिलं गं!"

औंढ्याच्या बसस्टँडजवळ तिच्या बाबांचं, धम्मानंदचं, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान; मागं घर. त्या घरात ॲसिड एकच, बॅटरीतलं. बाबांच्या सगळ्या पँटींना त्याची भोकं, आणि ॲसिड सांडलं तर टाकायला दाराशी सोड्याची बरणी. रुक्माबाईनं आधी बादलीभर पाणी, मग अर्धी बरणी सोडा लेकीच्या तोंडावर ओतला.

"माझं लेकरू जळालं वो!"

शेजारच्या मदीनाबी गुलाबपाणी घेऊन धावल्या. ॲसिड सरांनी सुचवलं हे ऐकून कुणीतरी त्यांना कळवलं. भीमसिंग सर लुनावरून धापा टाकत आले.

धम्मानंदनं मलमाचा ठिपका स्वतःच्या पँटवर लावला. सगळे त्याच्या मांडीकडं बघत बसले. पाच मिनिटं. दहा. भोक पडेना.

"नकली हाय!"

"न्हाई हो, धम्मानंदराव." सरांनी मलम सरळ नाकावर चोळलं. मदीनाबींनी गुलाबपाण्याची बाटली उघडली. रुक्माबाईनं सोड्याची मूठ उगारली. नाक शाबूत!

"आयला!" धम्मानंदनं त्या ट्यूबला हातच जोडले. "वीस वर्षं ॲसिडात गेली, पण एवढं गरीब ॲसिड पाह्यलं न्हाई. पोरीला कवा फरक पडंल, सर?"

"तीन महिने धरा."

"आन् फोटो उद्या!" रुक्माबाईनं मुठीतला सोडा परत बरणीत टाकला.

ऐश्वर्या सरांच्या नाकाकडं बघतच राहिली. एवढं लाल नाक घेऊन हा माणूस रोज साठ पोरापोरींपुढं ताठ उभा राहतो!

"आई, बाबा," पांढऱ्याफटक तोंडानं ती उठली, "उद्या फोटो काढनार मी. पुटकुळ्यांसगट. फक्त आधी हा सोडा धुवू द्या."