प्रभारी कूर्म

सावद्याबाहेर केळी उत्पादकांचा एक संघ आहे. त्या संघाच्या भुईकाट्याखाली गेल्या पावसाळ्यात गाळ साचला. गाळामुळे काट्याची लोखंडी पाटी पुरती खाली बसेना, आणि घडांनी गच्च भरलेला ट्रॅक्टर रिकाम्या बैलगाडीइतका भरू लागला. शेतकरी ओरडू लागले. तेव्हा प्रत्येक गाडी तीनदा तोलायची आणि ज्या आकड्याला शेतकरी सर्वांत कमी ओरडेल तो पावतीवर लिहायचा, अशी पद्धत पडली. पद्धत न्याय्य होती, पण तिला वेळ लागे. गाड्यांची रांग फाटकाबाहेर निघाली आणि हळूहळू बसस्टँडपर्यंत पोचली.

काट्यावर सव्वीस वर्षे काम करणाऱ्या सुनंदाबाईंनी सचिवांना अर्ज दिला. अर्ज एका ओळीचा होता : काट्याखालचा गाळ काढण्यासाठी दोन माणसे, दोन फावडी व अर्धा दिवस मिळावा.

सचिव नवलभाऊ नुकतेच बदल-नेतृत्वाचे तीन दिवसांचे शिबिर करून आले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, तुम्ही बदलाकडे फार फावड्याच्या अंगाने पाहता. गाळ काट्याखाली नाही. गाळ मानसिकतेत आहे."

"मग तो काढायला किती माणसं लागतील, भाऊ?"

"एक. पण ते नाशिकहून येईल."

नाशिकहून चारुलता मॅडम आल्या. 'निसर्ग आणि पुराणांतून संस्थात्मक परिवर्तन' हा त्यांचा विषय. बाई मनाने चांगल्या, आवाज गोड. भुईकाटा त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि पूर्वग्रह नको म्हणून त्यांनी तो पाहण्यास नकारही दिला.

पहिले सत्र मुंग्यांचे होते. मुंग्यांना साहेब नसतो, तरी वारूळ चालते. कारण प्रत्येक मुंगी मागचीसाठी वास ठेवून जाते, असे मॅडमनी पडद्यावर दाखवले. मागे उभे असलेले पहारेकरी पुन्या पावरा सातपुड्याच्या पायथ्याचे. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, मुंगीच्या वाटेत ढेकूळ आलं तर ती थांबत नाही. बाजूनं जाते. नाही तर ढेकूळच उचलते. बैठक नाही घेत."

"वा! किती सुंदर!" म्हणत मॅडमनी ते लिहून घेतले आणि बैठक पुढे चालू ठेवली.

मागचीसाठी वास ठेवायचा म्हणून टेबलाटेबलांमधून गुळाच्या भुकटीची रेघ ओढण्यात आली. फायली तिच्यावरून आपोआप पुढे सरकतील अशी अपेक्षा होती. फायली सरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खऱ्या मुंग्या मात्र सरकल्या, त्या थेट काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या पेटीत. तेव्हापासून काट्यावर काहीही चढवा, वजन आठ हजार आठशे अठ्ठ्याऐंशी. नवलभाऊंनी परिपत्रक काढले : "निसर्गाने आपल्या उपक्रमास सकारात्मक प्रतिसाद दिला आहे."

दुसरे सत्र समुद्रमंथनाचे. बदल म्हणजे मंथन. संचालकांना देव करण्यात आले आणि कर्मचाऱ्यांना दानव. वासुकी म्हणून शेतकऱ्यांची नेमणूक झाली, कारण त्यांची रांग वळसे घेत बाहेर पडलेलीच होती. वेगळा खर्च नको.

"मंथनातून आधी विष निघतं," मॅडम म्हणाल्या. "आपल्या संस्थेचा नीलकंठ कोण?"

सगळे दानव सुनंदाबाईंकडे पाहू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीवर पाटी लागली : 'हलाहल स्वीकृती कक्ष. वेळ ११ ते १.' सोबतच्या सूचनेत म्हटले होते की नीलकंठाने शेतकऱ्यांच्या तक्रारी गिळायच्या नाहीत, म्हणजे फेटाळायच्या नाहीत. थुंकायच्याही नाहीत, म्हणजे वर पाठवायच्या नाहीत. त्या कंठात ठेवायच्या.

खिडकीशी पहिल्या आल्या भिकुबाई. दोन एकर केळी, नवरा अंथरुणाला खिळलेला, ट्रॅक्टर भाड्याचा. माल हिरवा असेतोच व्यापारी घेतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"बाई, कालपासून उभी हाये मी. केयं पिकू राह्यली ना मही."

सुनंदाबाईंनी सूचना पुन्हा वाचली. 

"आवं, बोला ना काही! का तुमचा बी काटा अडकला?"

सव्वीस वर्षांत सुनंदाबाईंना शेतकऱ्यांनी पुष्कळ ऐकवले होते, पण काटा अडकल्याचे कोणी म्हटले नव्हते. ते त्यांना लागले. त्यांनी खिडकी लावली, पदर खोचला आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या.

"पुन्याभाऊ, फावडं आहे का?"

"दोन आहेत, अक्का."

सुनंदाबाई, पुन्याभाऊ आणि भिकुबाई, तिघे खड्ड्यात उतरले. सगळे साहेब त्या वेळी सभागृहात डोळे मिटून सागर अनुभवत होते. अर्ध्या दिवसात गाळ निघाला. तळाशी एक जिवंत कासव सापडले. पुन्याभाऊंनी ते धुतले आणि नाल्यात नेऊन सोडले. आकड्यांच्या पेटीतल्या मुंग्या ब्रशने झाडल्या. भिकुबाईंचा ट्रॅक्टर चढला, खरे वजन उमटले, पावती झाली. संध्याकाळपर्यंत माल दिल्लीच्या ट्रकमध्ये होता. जाताना भिकुबाईंनी सुनंदाबाईंचे चिखलाने भरलेले हात धरले. म्हणाल्या, "येते, बाई." सुनंदाबाईंना त्या दिवशी फार वर्षांनी काम केल्यासारखे वाटले.

सकाळी त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. आरोप तीन. एक, परिवर्तन पूर्वपरवानगीविना घडवून आणणे. दोन, तिसरे सत्र बाकी असताना समस्या संपवणे. तीन, कूर्मास वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय कार्यमुक्त करणे.

"मंदर पर्वत ज्याच्या पाठीवर फिरला ते कासव आपल्याकडे मुळात होतं!" नवलभाऊंचा आवाज भरून आला. "जागच्या जागी! आणि तुम्ही ते नाल्यात सोडलंत?"

"काटा चालू झाला ना, भाऊ."

"काटा कोणीही चालू करेल, बाई. तिसऱ्या सत्राला गुरुवारी वरून पाहुणे येणार आहेत, त्यांनी काढायचं काय?"

प्रश्न बिनतोड होता. गाळ पूर्ववत करण्याचा आदेश निघाला. नाल्याकाठी टाकलेला गाळ घमेल्यांनी परत आणून खड्ड्यात भरण्यात आला. कमी पडला तो शेजारच्या शेतातून आणला. भिकुबाईंची पावती अवैध ठरली आणि माल फेरतोलणीसाठी हजर करावा असा निरोप गेला.

"दिल्लीले गेला माल," भिकुबाईंनी निरोप आणणाऱ्याला सांगितले. "जा, घिऊन या."

कासवाचा शोध लागला नाही. रिक्त पदाचा कार्यभार पुन्याभाऊंना देऊ केला गेला. "मला रजा लिहा," म्हणून ते घरी निघून गेले. मग, जिने पद रिक्त केले तिनेच ते सांभाळावे या तत्त्वाने, सुनंदाबाईंची प्रभारी कूर्म म्हणून नियुक्ती झाली. त्यांनी आदेश वाचला आणि एकच विचारले, "खाली फावडं नेता येईल?" नियमात मनाई नव्हती.

गुरुवारी मोठा मांडव पडला. रांगेतल्या शेतकऱ्यांना खुर्च्या दिल्या होत्या. शिडीवरून सुनंदाबाई पाटीखाली उतरल्या. वर सात मान्यवरांनी फीत बांधलेल्या फावड्याने सात फावडी गाळ काढला; प्रत्येक फावड्याचा वेगळा फोटो झाला. मग भाषणे सुरू झाली. अडीच तास चालली. तेवढ्या वेळात पाटीखालून घमेल्यामागून घमेले मागच्या बाजूने बाहेर येत होते, पण ते मांडवातून दिसत नव्हते. अमृत म्हणून शिकरण वाटण्यात आले. त्यासाठी केळी विकत आणावी लागली नाहीत. रांगेत पुष्कळ पिकली होती.

शेवटी एक भरला ट्रॅक्टर काट्यावर चढवला. वजन बरोबर आले. चारुलता मॅडमच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. नवलभाऊ माइकवर ओरडले, "निघाली! मानसिकता निघाली!" पाहुण्यांनी हा प्रयोग जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतल्या सर्व संघांत राबवण्याची आणि ज्या संघात गाळ नसेल तिथे तो पुरवण्याची घोषणा केली. टाळ्या थांबेनात. ज्यांची केळी वाटीत होती तेही वाजवत होते. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो, आम्हीही वाजवल्या.

तेवढ्यात सुनंदाबाई शिडीने वर आल्या आणि एका बाजूला उभ्या राहिल्या.

"का हो बाई, तुम्ही नाही वाजवत टाळ्या?" पाहुण्यांनी कौतुकाने विचारले.

"हात चिखलाचे आहेत, साहेब."

सगळे हसले. त्यावरही टाळ्या पडल्या. तुम्ही आमच्या शेजारच्याच खुर्चीवर होतात. तुमचे हात स्वच्छ होते.