अकरा महिने ठणठणीत

आमच्या समोरच्या घरातला बिराप्पा वर्षाचे अकरा महिने ठणठणीत असायचा आणि बारावा महिना मरणाच्या दारात. हा बारावा महिना म्हणजे त्याची सुट्टी. मस्कतहून विमानानं हैदराबाद आणि तिथून जीप करून तो बसवकल्याणला उतरायचा, तेव्हा अंगात झगमगता शर्ट, खांद्यावर फुलाफुलांचं ब्लँकेट आणि अत्तराचा असा घमघमाट, की आमच्या अंगणातल्या तुळशीलाही शिंक यावी. चाल पैलवानाची. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस कमरेवर हात ठेवून, एक पाय फरपटत, आमच्या फाटकाशी कण्हत उभा.

"अक्का, दवाखान्याला जायलोय. संध्याकाळी कागद घिऊन येतो, वाचून सांगा."

कागद म्हणजे तपासण्यांचे रिपोर्ट. मी जन्मभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या इंग्रजीचा मक्ता माझ्याकडे होता. विजेच्या बिलापासून पित्ताशयापर्यंत सगळं मीच वाचून द्यायची.

बिराप्पा मूळचा औराद तालुक्यातल्या चिंताकीचा. आजोबा मेंढरं घेऊन मुलूखभर फिरलेले, वडील दुसऱ्याच्या शेतावर राबलेले. तो स्वतः वेल्डिंग शिकला आणि आमच्या भागातली माणसं आखाताकडे निघाली त्या लाटेत मस्कतला पोचला. मुलीच्या शाळेसाठी त्यानं बसवकल्याणात घर बांधलं. घरावर सिमेंटचं विमान बसवलं. कावळ्यांना ते फार आवडायचं. घरात बायको कमळा आणि मुलगी सुमन. बिराप्पा स्वतः त्या घरात वर्षाकाठी एक महिना राहायचा, आणि त्यातला बराचसा दवाखान्याच्या बाकावर.

"एवढ्या मोठ्या देशात तुला डॉक्टर मिळत नाही?" मी एकदा विचारलं.

"हाईत की! काचंची दारं, गार हवा, बसाय सोफा. पर तिथं आजारी पडाय परवडत न्हाई, अक्का."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या कंपनीनं एक कार्ड दिलं होतं. कामावर हात तुटला, पाय मोडला तर ते चालायचं. ताप, खोकला, दातदुखी हे कामगाराचे खासगी शौक, ते त्यानं स्वतःच्या खर्चानं करावेत. शिवाय दवाखान्यात गेला तो दिवस बिनपगारी. त्यामुळे तिथे कुणाला काही झालं की ते पुढे ढकलायची पद्धत होती. तो सांगायचा, "छुट्टीत बगू म्हणायचं. लई दुखाय लागलं तर मोठ्यानं म्हणायचं."

हसू नका, मुलांनो. तुमचे बाबाही न्यू जर्सीहून येताना दर खेपेला एक किडका दात घेऊन येतात. तुमच्याकडे विमा आहे, पण तो दातांना ओळखत नाही, असं ते म्हणतात. परदेशी गेलेल्या माणसाचं घर कुठेही असो, त्याची दाढ मात्र गावातच काढली जाते.

पण बिराप्पाच्या आजारपणात मला काही तरी खटकायचं. मी शिस्तीची बाई. आजारालाही काही क्रम असावा, असं मला वाटतं. एका वर्षी उजवा गुडघा. पुढच्या वर्षी तो गुडघा जणू कधी नव्हताच, आता डाव्या कानात शिट्टी. त्याच्या पुढच्या वर्षी पोट. आणि हे आजार तो सांगायचा तरी किती रंगवून! "सुरुवातीला मुंगी चावल्यावानी करतंय, मंग कुणीतरी आतून पक्कड लावून पिळतंय, आन भाकरीचा तुकडा पोटात गेला की जरा थंड हुतंय." माझ्या एकाही विद्यार्थिनीनं मावळत्या सूर्याचं वर्णन इतक्या बारकाईनं केलं नाही.

त्या पोटाच्या वर्षी त्याची सोनोग्राफी झाली. संध्याकाळी रिपोर्ट माझ्या हातात. यकृत उत्तम, आतडी उत्तम, मूत्रपिंडं एखाद्या नवरदेवाला शोभावीत अशी.

"अभिनंदन," मी म्हटलं. "तुला काहीही झालेलं नाही."

आनंद व्हायचा सोडून त्याचा चेहरा पडला. "नीट वाचा की, अक्का. दुसऱ्या पानावर काई आसंल."

"दुसऱ्या पानावर फक्त डॉक्टरची सही आहे."

"मंग रफिक रातभर कामून तळमळायलाय?"

"हा रफिक कोण?"

बिराप्पानं जीभ चावली. मग माझ्या चष्म्याकडे बघून त्यानं ओळखलं असावं की आता सुटका नाही. रफिक त्याच्या खोलीतला, वरच्या पलंगावरचा. पोट रफिकचं होतं. गुडघा एका म्हाताऱ्या सुताराचा होता आणि कान कामगारांच्या कॅम्पातल्या स्वयंपाक्याचा. रफिकला दोन वर्षं सुट्टी मिळणार नव्हती, म्हणून त्याचं पोट बिराप्पा घेऊन आला होता.

"अरे, पण पोट त्याचं आणि सोनोग्राफी तुझी? हे कुठलं गणित?"

"डॉक्टर पेशंट बगल्याबिगर दवा लिवत न्हाई की. मंग म्या पेशंट झालो."

यात आपण काही विचित्र करतोय, असं त्याच्या गावीही नव्हतं. त्यानं मला समजावून सांगितलं, अगदी पहिलीच्या पोराला सांगावं तसं. आजोबांच्या वेळी मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि त्याच्यासोबतची माणसं, महिनोन्‌महिने परमुलखात असायचा. अधूनमधून एकच माणूस गावाकडे यायचा. तो सगळ्यांची कामं घेऊन यायचा. कुणाचं पीठ, कुणाच्या बायकोचा निरोप, कुणाच्या पायातल्या काट्याचं औषध. "आपलं तेवढं बगून माघारी गेला तर त्याला वाड्यावर कोन जेवाय घालील? येणाऱ्यानं समद्यांचं आणायचं, जाणाऱ्यानं समद्यांचं न्यायचं. दुसरं काय करायलोय म्या?"

"पीठ आणि पोट यात फरक आहे, बिराप्पा. आणि औषध म्हणजे काही चिवडा नाही, मूठमूठ वाटायला."

"व्हय की," तो म्हणाला. हे त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य. ते म्हटलं की तो आपलंच करणार, हे नक्की.

मी त्याला तंबी दिली की उद्या जाऊन डॉक्टरांना खरं सांग. तो गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. आमचे डॉक्टर तापट. ते म्हणाले, "मी काय मस्कतपर्यंत हात लांब करून नाडी बघू? पेशंट आण, नाही तर चालू लाग." बिराप्पा चालू लागला तो थेट बसस्टँडवर, तिथून हुमनाबादच्या दुसऱ्या डॉक्टरकडे, आणि तिथे पुन्हा मुंगी, पक्कड आणि भाकरीचा तुकडा. खरेपणा एकदा करून पाहिला, गुण आला नाही, म्हणून सोडून दिला.

कमळाला अर्थात हे सगळं आधीपासून माहीत होतं. "सवतीपरीस वाईट हाय बगा, अक्का," ती म्हणायची. "सवत एक आसती. हितं आख्खा कॅम्प घरात झोपाय येतोय. काल रातच्याला म्हनले, जरा पाठ चोळ. म्या इचारलं, कुणाची?"

कळस झाला तो दाढेच्या वर्षी. खोलीत दिलबहादूर नावाचा एक नेपाळी आला होता. त्याची वरची दाढ ठणकत होती. ती घेऊन बिराप्पा गावातल्या एका नव्या, उत्साही दंतवैद्याकडे गेला. वर्णन नेहमीसारखं जिवंत. बोट नेमकं जागेवर. त्या तरुणानं वर्णनावर विश्वास ठेवला, सुई टोचली आणि बिराप्पाची धडधाकट, दगडासारखी दाढ उपटून त्याच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी तो कापसाचा बोळा दाबून माझ्यासमोर बसला होता. गाल पेरूएवढा.

"तू त्याला थांबवलं का नाहीस?"

"थांबिवलं आस्तं तर गोळ्या दिल्या नसत्या," तो बोळ्याआडून म्हणाला. मग जरा समाधानानं, "लई भारी गोळ्या दिल्यात. दिलबहादूरला एका दिसात आराम पडंल."

मी सरळ हसले. तुमच्या आजोबांना सांगताना तर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्याच्या दाढेसाठी आपली दाढ देणारा माणूस पुराणात शोभला असता, आमच्या गल्लीत तो विनोदच होता.

पुढच्या वर्षी दिलबहादूरची दाढ बरी असल्याची बातमी तो घेऊन आला. डाव्या बाजूनं चावत चावत त्यानं ती मला सांगितली.

असं चाललं होतं. सुमन मोठी झाली, बिदरला नर्सिंग शिकायला गेली. बिराप्पाच्या मिशा पांढऱ्या झाल्या, मग मस्कतच्या कलपानं काळ्या झाल्या, आणि मग एका सुट्टीत तो आला तो धड आला.

म्हणजे काहीच दुखत नव्हतं. ना पाय फरपटत, ना कान धरलेला. तो ओट्यावर खुर्ची टाकून बसला आणि बसूनच राहिला. मी म्हटलं, "काय रे, या खेपेला कॅम्प निरोगी दिसतो."

"व्हय की. कुणाचं काई न्हाई."

आठवडा गेला, तरी तो दवाखान्याच्या वाटेला गेला नाही. कमळा खूश होती. पहिल्यांदा तिच्या वाट्याला आख्खा नवरा आला होता. पण माझी खिडकी त्याच्या घराच्या बरोबर समोर. मला दिसायचं, की पाण्याच्या टाकीपासून घरापर्यंत येताना तो मध्येच विजेचा खांब धरून उभा राहतो. कुणी आलं की खांबावरची जाहिरात वाचल्यासारखं करतो. जाहिरात कन्नडमध्ये होती, फवारणीच्या पंपाची. ती त्यानं रोज वाचली. एकदा तर डाव्या हातानं छाती दाबून वाचली.

मी रस्ता ओलांडून त्याच्यापाशी गेले. "हे कुणाचं?"

"काय कुणाचं?"

"छातीतलं. रफिकचं, की त्या सुताराचं?"

तो माझ्याकडे बघायला तयार नव्हता. मग म्हणाला, "कमळाला सांगू नका. आता गेल्या गेल्या कंपनी फिटनेस बगणार हाय. वय झालेल्यांचं पयलं बगायलेत. नापास झालं की घरचं तिकीट हातात. सुमनचं आजून एक वरीस राह्यलंय, अक्का. तेवढं ढकलतो."

"छाती छुट्टीपर्यंत ढकलता येत नाही, बिराप्पा."

"छुट्टीच हाय की ही," तो म्हणाला, आणि हसता हसता त्याला दम लागला.

मी ऐकणारी नव्हेच. रिक्षा बोलावली आणि त्याला त्याच जुन्या तापट डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दारातच ओळखलं. "या, या! आज कोणाचं दुकान मांडायचं? पोट की गुडघा?" कंपाउंडरही हसला. सगळा दवाखाना हसत होता. एरवी मीही हसले असते, पण त्या दिवशी मी माझा शाळेतला आवाज काढला. तो आवाज तुम्ही ऐकलेला नाही, तुमच्या बाबांना विचारा. डॉक्टरांनी मुकाट्यानं स्टेथोस्कोप कानाला लावला.

"कुठे दुखतं?"

बिराप्पानं शर्टाचं वरचं बटण लावलं.

"अरे, कुठे दुखतं, कसं दुखतं, कधीपासून?"

मी वाट बघत होते. आता मुंगी येईल, पक्कड येईल. त्याला एकही शब्द सापडला नाही. तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला. कपाळावर घाम आला होता. शेवटी चोरी पकडल्यासारखा म्हणाला, "तसं काई न्हाई, साहेब. उगी जरा हितं."

डॉक्टरांनी त्याला आतल्या खाटेवर झोपवलं, छातीला तारा लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. ती बघताना त्यांचं हसू गेलं. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि सोलापूरला फोन लावला. पुढे सोलापुरात त्याच्यावर इलाज झाला, मस्कत सुटलं, पण माणूस वाचला. हे आताच सांगून टाकते, कारण तुम्ही दोघंही पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणारी मुलं आहात.

पण त्या दुपारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी बाकावर बसले होते. कुणीतरी सांगितलं असणार, कारण कमळा घाईघाईनं आली, हाताला पीठ तसंच. मला बघून तिचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ ती चिडली.

"गेलेच का शेवटी! म्हनले हुते, कुणाचं काई न्हाई. ह्या खेपेला कुणाचं घिऊन आलेत, अक्का?"

"त्याचंच आहे, कमळा."

ती माझ्याजवळ सरकली. मग समजूत घातल्यासारखं म्हणाली, "न्हाई वो. त्यास्नी काय हुतंय? त्यास्नी कधीच काई हुत न्हाई."

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "श्वास घ्या. सोडा." आणि दर वेळी, श्वास सोडायच्या आधी, बिराप्पा म्हणत होता, "व्हय, साहेब."

कमळा पिठाचे हात तसेच पुढे धरून दाराशी उभी राहिली, ऐकत.